आधी पिस्टन, मग बोअर

मी पडले नव्हते. गाडी पडली, आणि ती पडली तेव्हा मी तिच्यावर होते, एवढंच. वळणावर कुणीतरी वाळू सांडून ठेवली होती. कोपर खरचटलं, आरसा फुटला, विषय संपला. पण आमच्या रस्त्यावर बातमीला पाय नाहीत, पंख आहेत. मी बाही झटकून गाडी उभी करेपर्यंत माझ्या दोन्ही पुतण्यांना दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या दुकानांत जाऊन सांगितलंसुद्धा, की तुमची आत्या मोटरसायकलवरून आपटली.

वेगवेगळ्या दुकानांत सांगावं लागलं, कारण माझे पुतणे एकमेकांशी बोलत नव्हते.

थोरला सिलिंडर बोअर करतो. म्हणजे इंजिनातल्या ज्या लोखंडी नळकांड्यात पिस्टन वरखाली धावतो, ते झिजून वेडंवाकडं झालं की यंत्रावर चढवून आतून कापायचं आणि पुन्हा गोल करायचं. कापलं की भोक मोठं होतं, आणि जुना पिस्टन त्यात खुळखुळतो. मग एक नंबर मोठा पिस्टन घ्यायचा. असे चार नंबर असतात: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर. शंभरच्या पुढे रामराम. हे पिस्टन विकतो धाकटा. दोघांची दुकानं समोरासमोर आहेत, मध्ये रस्ता.

माझा भाऊ, म्हणजे या दोघांचा बाप, होता तोवर दुकान एकच होतं आणि नियमही एकच होता: आधी पिस्टन, मग बोअर. डब्यावर काय छापलंय ते वाचत बसायचं नाही. पिस्टन हातात घ्यायचा, स्वतः मोजायचा, आणि त्याच्या मापानं सिलिंडर कापायचा. शिंपी आधी माणूस बघतो, मग कापडाला कात्री लावतो, तसंच हे.

भाऊ गेला आणि वर्ष भरायच्या आत एका गिऱ्हाईकाचं नवंकोरं बोअर केलेलं इंजिन भर रस्त्यात जाम झालं. थोरला म्हणाला, पिस्टन भिकार होता, तापल्यावर फुगला. धाकटा म्हणाला, पिस्टन ठणठणीत होता, तूच सिलिंडर गरम असताना मोजलास. कापल्यावर लोखंड तापतं आणि तापलं की फुगतं. तेव्हा माप घेतलं तर बरोबर येतं, आणि गार झाल्यावर भोक आवळतं. दोघांपैकी कुणीतरी चुकलं होतं, आणि दोघांच्या मते तो कुणीतरी समोर उभा होता. त्या दिवसापासून दोघांचा छत्तीसचा आकडा. धाकट्यानं आपले डबे उचलले आणि समोरच्या गाळ्यात गेला.

आता गंमत अशी, की भांडण झालं तरी बापाचा नियम काही कुणी मोडेना. थोरला पिस्टन हातात आल्याशिवाय यंत्र चालू करत नाही, आणि पिस्टन रस्त्यापलीकडे. मग बिचारं गिऱ्हाईक इकडून तिकडे. थोरला त्याला सांगायचा, "जाऊन घेऊन या. आणि त्यांना म्हणावं, डब्यावर स्वतःच्या अक्षरात माप लिहू नका, आम्हाला मोजता येतं." गिऱ्हाईक रस्ता ओलांडून हे सांगायचं. धाकटा पिस्टन फडक्यानं पुसत म्हणायचा, "त्यांना सांगा, मोजता येतं तर गार झाल्यावर मोजा." गिऱ्हाईक परत. नवख्या माणसाला वाटायचं ही इथली पद्धतच असेल. जुनी गिऱ्हाइकं तर निरोपात आपल्या पदरचीही भर घालायची.

दोघांमध्ये मी. माझं लग्न झालं नाही आणि यांची आई लवकर गेली, त्यामुळे दोघांची नाकं पुसण्यापासून सगळं मीच केलं. नोकरीत मी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचत फिरायचे, आणि ही मोटरसायकल तेव्हापासूनची. तिचं इंजिन भावानं स्वतःच्या हातानं दोनदा बोअर केलं होतं, आधी पंचवीसला, मग पन्नासला. निवृत्त झाले तरी गाडी सुटली नाही, कारण गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर, माझी मैत्रीण राहते. ती टेलिफोन ऑपरेटर होती. आता तिचे पाय चालत नाहीत, बाकी सगळं चालतं, विशेषतः पत्त्यांतली लबाडी. तिच्या घराकडे बस जात नाही. मी गेले नाही तर तिच्याकडे दूधवाल्याशिवाय कुणी फिरकत नाही.

आणि हल्ली गाडी चढ चढेना. मागून निळा धूर असा निघायचा, की पोरंसोरं मला 'धुराडं' म्हणायला लागली होती. पडले, म्हणजे गाडी पडली, त्या दिवशी ती अर्ध्या चढावर हबकलीच. म्हटलं, आता बोअर केल्याशिवाय इलाज नाही.

थोरल्याकडे गेले. त्यानं इंजिन खोललं, सिलिंडर काढून पुसला, मोजायचं गेज आत सोडलं आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिला. एरवी हा पोरगा मोजताना पुटपुटत असतो. आज गप्प.

"शंभर लागेल, आत्या," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"पंचाहत्तरवर नाही साफ होणार?"

"नाही. ओरखडा आहे, धूर जातो त्या बाजूला. शंभरच. तू पिस्टन आण, मग बघू."

मी बाहेर आले. रस्त्यात पाण्याचा टँकर आडवा लागला होता, त्याचं पुढे-मागे होईपर्यंत मी थांबले. मग धाकट्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढले. अजून तोंड उघडलंही नव्हतं, तर हा काउंटरमागून म्हणतो, "शंभर नंबर ना? नाही मिळत, आत्या. कंपनीनं बंद केला. कुठंच मिळायचा नाही."

"मी कुठं म्हटलं शंभर?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "नाही, म्हणजे... धुरावरून अंदाज येतो ना."

"धुरावरून नंबर कळतो?"

"अनुभव लागतो. आणि तो एवढा ओरखडा पडलाय म्हटल्यावर..."

"ओरखडाही धुरावरूनच?"

त्यानं हातातला मोबाइल घाईघाईनं खणात ढकलला. त्याचा स्क्रीन अजून उजळलेला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर निदान भांडं तरी लहान घ्यावं.

सगळा उलगडा झाला. माझ्या पडण्याची, म्हणजे गाडीच्या पडण्याची, बातमी कळल्यावर या दोघांनी संगनमत केलं होतं. आत्याला गाडीवरून उतरवायचं. समोरासमोर सांगायची छाती नाही, म्हणून एकानं म्हणायचं शंभरच लागतो, दुसऱ्यानं म्हणायचं शंभर मिळत नाही. म्हातारी बसेल घरी.

मला असा संताप आला, की हातात येईल तो डबा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. मी डबा उचललाही. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. हे दोघं एकमेकांशी बोलले होते. ज्यांनी इतकी वर्षं एकमेकांचं नाव घेतलं नाही, त्यांनी फोन केला होता, उचलला होता, ठरवलं होतं. माझ्याविरुद्ध का होईना, पण एकत्र. डोळे भरून आले. धाकट्याला वाटलं, पिस्टन मिळत नाही म्हणून.

"रडू नकोस ना, आत्या," तो म्हणाला. "मी चौकशी करतो अजून."

"कर बाबा," मी म्हटलं आणि डबा जागेवर ठेवला.

मैत्रिणीला फोनवर सगळं सांगितलं. ती हसून हसून खोकायला लागली. "अगं, मग सोडून दे त्यांना तसंच," ती म्हणाली. "मी जन्मभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. एकदा लाइन लागली की मध्ये तोंड घालायचं नाही. उलट लाइन चालू कशी राहील ते बघायचं."

मी तेच बघायला लागले. खोट्याचं एक बरं असतं. खरं बोलायला एकटा माणूस पुरतो, खोट्याला तालीम लागते. मी रोज काहीतरी नवीन काढायचे. थोरल्याकडे जाऊन म्हणायचे, "अरे, पिस्टन मिळत नसेल तर आत नवीन नळकांडं ठोकून घेऊ, सगळं मूळ मापावर येईल." तो घाबराघुबरा व्हायचा. "बघतो, उद्या सांगतो." आणि मी कोपऱ्यावरच्या झाडाआड उभी राहून बघायचे. हा माणूस दुकानाबाहेर यायचा, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा आणि चोरासारखा रस्ता ओलांडायचा. दुसऱ्या दिवशी दोघांकडून एकच उत्तर, शब्दाला शब्द: "नळकांडं मऊ येतं आत्या, टिकत नाही."

मग मी म्हणायचे, "दुसऱ्या गाडीचा पिस्टन बसेल का?" पुन्हा तालीम. "कार्ब्युरेटर बदलला तर धूर थांबेल का?" हा प्रश्न इतका येडचाप होता, की त्यावर दोघांना एकत्र चहाच प्यावा लागला. थोरल्याची बायको मला येऊन म्हणाली, "आत्या, हल्ली हे संध्याकाळी फिरायला जातात. डॉक्टरनं सांगून कधी गेले नाहीत." धाकटीनं सांगितलं, यांच्या दुकानात आता चहाचे दोन कप असतात आणि दुसरा कुणाचा विचारलं तर अंगावर येतात. मी दोघींनाही म्हटलं, लक्ष देऊ नका, पुरुषांचं वय झालं की असं होतं.

इथवर सगळं माझ्या मनासारखं. पण गाडी बंद होती. एकदा मी मैत्रिणीकडे पायी गेले. चढ चढताना गुडघ्यांनी माझे सगळे पूर्वज काढले. पोचले तेव्हा ती खिडकीशी एकटीच पत्ते मांडून बसली होती.

"आलीस?" ती म्हणाली. "तुझे पुतणे बोलायला लागले, आनंद आहे. पण इथं मी स्वतःशीच खेळते, आणि स्वतःला फसवण्यात काही मजा नाही गं." हसत म्हणाली, पण पत्ते पिसताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. परत येताना मला कळून चुकलं, की असं पायी येणं मला आठवड्यातून एकदाही जमायचं नाही. भाऊ-भाऊ जोडायच्या नादात मी हिला एकटी पाडत होते. आणि खरं सांगायचं तर मलाही गाडी हवी होती. मला माझा रस्ता हवा होता, माझा चढ हवा होता, आणि कुणाच्या परवानगीशिवाय हवा होता.

दुसऱ्या दिवशी थोरला नेमाप्रमाणे चोरपावलांनी रस्त्यापलीकडे गेला, तशी मी त्याच्या दुकानात शिरले. माझा सिलिंडर खिडकीत फडक्याखाली होता. गेज कुठं असतं ते मला ठाऊक. भावाच्या हाताखाली सुट्टीच्या दिवशी मी कमी सिलिंडर मोजले नाहीत. वर, मध्ये, खाली, उभं, आडवं, सगळीकडून पाहिलं. झीज होती, पण माझ्या अंदाजाइतकीच. ओरखड्यात नखही अडकेना. पंचाहत्तरवर लख्ख साफ होणारा सिलिंडर. आणि पंचाहत्तरचा पिस्टन धाकट्याच्या मधल्या फळीवर डावीकडून तिसऱ्या डब्यात असतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

मी सिलिंडर पिशवीत घातला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

आता इथं 'अंदाजे' कोण ते सांगायला हवं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बोअरवाला आहे. त्याला सगळे अंदाजे म्हणतात. तो आधी बोअर करतो आणि मग गिऱ्हाइकाला म्हणतो, जा, याला बसेल असा पिस्टन शोधून आण. पिस्टन सैल झाला तर सांगतो, थोडे दिवस चालवा, बसेल. घट्ट झाला तर सांगतो, थोडे दिवस चालवा, सुटेल. माझ्या दोन्ही पुतण्यांचं जगात एकाच बाबतीत कधी दुमत झालं नाही, ते म्हणजे हा माणूस.

"अरे!" मी दोन्ही दुकानांना ऐकू जाईल असं ओरडले. "मी सिलिंडर घेऊन चालले रे! अंदाजेकडे!"

दोघं धाकट्याच्या दुकानातून एकदमच बाहेर आले. एकमेकांकडे बघून दचकले, एक पाऊल बाजूला सरकले, पण उशीर झाला होता. शिवाय थोरल्याच्या हातात चहाचा कप होता.

"आत्या, तो बोटानं मोजतो!" थोरला म्हणाला.

"पिस्टनवरचा बाण उलटा बसवतो!" धाकटा म्हणाला.

"असेल. पण तो काम करतो. तुमच्याकडे पिस्टन नाही, नळकांडं मऊ आहे, आणि शंभरशिवाय भागत नाही. मग मी काय करू?"

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. मी हलले नाही.

"शंभर लागतोच असंही नाही," थोरला चपापून म्हणाला. "म्हणजे, परत एकदा मोजायला पाहिजे."

"आणि पंचाहत्तर बहुतेक असेल," धाकटा म्हणाला. "म्हणजे, परत एकदा शोधायला पाहिजे."

"शोध. मधल्या फळीवर डावीकडून तिसरा डबा."

दोघांनी माना खाली घातल्या. टेम्पोवाला खाली उतरून आला आणि काय झालंय विचारायला लागला. त्याला मी म्हटलं, "दोन भाऊ रस्ता ओलांडताहेत, जरा थांबा."

तर अशा रीतीनं धाकटा पिस्टनचा डबा घेऊन थोरल्याच्या दुकानाचा उंबरठा चढला. आत येऊन अवघडून उभा राहिला. थोरल्यानं पिस्टन घेतला, मायक्रोमीटरमध्ये धरला, मोजला, पुन्हा मोजला. मग बोलला तो थेट धाकट्याशी, कारण मध्ये निरोप्या गिऱ्हाईक नव्हतं आणि मी स्टुलावर पाय हलवत छताकडे बघत होते.

"पिस्टनभोवतीची फट चार शतांश मिलिमीटर ठेवतो."

"पाच ठेव. डब्यावर पाच लिहिलंय."

"डबा वाचायचा नाही."

"चारवर घट्ट होतो हा पिस्टन."

"हा होतो की तुझे सगळेच होतात?"

झालं. घोडं पुन्हा त्याच इंजिनापाशी येऊन थांबलं. भिकार पिस्टन, गरम सिलिंडर, तू, मी, तूच. फक्त या वेळी गिऱ्हाइकांच्या तोंडून नाही, समोरासमोर, नाकाला नाक लावून. शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. मी मधे पडले नाही. इतकी वर्षं साठलेलं होतं, ते निघू दे म्हटलं. शेवटी त्यांना दम लागला तेव्हा मी म्हणाले, "साडेचार ठेवा आणि यंत्र चालू करा. केसाची जाडी सात शतांशाची असते, तुम्ही एका शतांशावरून एकमेकांचे केस उपटाल."

थोरल्यानं सिलिंडर यंत्राखाली बसवला, पातं मध्याला आणलं आणि बटणावर हात ठेवून तसाच थांबला.

"काय झालं?"

"आत बघ," तो म्हणाला, मला नाही, धाकट्याला.

धाकट्यानं मोबाइलचा दिवा लावला. दोघांची डोकी सिलिंडरवर आपटली. आत वरचा भाग झिजून गुळगुळीत झाला होता, पण अगदी खाली, जिथं पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत, तिथं तिरक्या रेषांची जाळी अजून होती. तेल धरून राहावं म्हणून बोअर केल्यावर शेवटी दगड फिरवून या रेषा काढतात. माझ्या भावाच्या हातच्या होत्या त्या. त्याच्या दोन्हीकडच्या रेषा सारख्याच तिरक्या यायच्या, कुठंही घाई नाही. पातं फिरलं की त्या जाणार होत्या.

माझा भाऊ त्या क्षणी मला इतका आठवला, की मी म्हणणार होते, राहू दे रे, नको कापू. मी बसून राहीन घरी.

"काप, दादा," धाकटा म्हणाला.

दादा. किती वर्षांनी. थोरल्यानं बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं, कीस खाली पडायला लागला, आणि दोघंही मान वाकडी करून नुसता आवाज ऐकत राहिले, बाप ऐकायचा तसे.

कापून झालं. सिलिंडर तापलेला होता. आता गार होऊ द्यायचा, मगच मोजायचा. बापाचं याही बाबतीत सांगणं होतं: हाताला गार लागला की अजून एक चहा प्यायचा, तोवर खरा गार होतो. मी चहा मागवला. दोघं बाकावर बसले, मध्ये जागा सोडून. सिलिंडर समोर स्टुलावर.

"त्या वेळी मी थांबलो नव्हतो," थोरला एकदम म्हणाला. "हाताला गार लागला आणि मोजला. चहा प्यायलो नव्हतो. चूक माझीच होती."

धाकट्यानं कप खाली ठेवला. "नाही. तो डबा मला आधीच फोडलेला मिळाला होता. मी परत चिकटवला. न मोजता दिला. चूक माझी होती."

"नाही, पण गरम मोजलं मी."

"अरे, पण पिस्टन मी दिला ना?"

"पिस्टन कसाही असला तरी मोजायचा कुणी? मी!"

"तू मला अक्कल शिकवू नकोस! चूक माझी!"

"माझी म्हणतोय ना!"

पाहता पाहता आवाज मघाइतकाच चढला. सुंभ जळतो, पीळ जात नाही. आधी चूक समोरच्याची म्हणून भांडले, आता स्वतःची म्हणून. मी चहा पीत बसले. इतका गोड चहा मी कधी प्यायले नव्हते, आणि तो पोऱ्यानं बिनसाखरेचा आणला होता.

मग सगळं रीतसर झालं. गार माप घेतलं. दगड फिरवून नव्या रेषा काढल्या, थोरल्याच्या हातच्या, बापापेक्षा जरा उभट. गरम पाणी आणि साबण घेऊन दोघांनी मिळून सिलिंडर धुतला. कानाकोपऱ्यातला कण न् कण निघेपर्यंत एक चोळतोय, दुसरा पाणी ओततोय. पिस्टनवरचा बाण धूर जातो त्या बाजूला केला, रिंगा दाबून धरल्या एकानं, सिलिंडर वरून हळूच उतरवला दुसऱ्यानं. संध्याकाळी गाडी दुकानासमोर उभी केली. मी किक मारली. दुसऱ्या किकला सुरू. मागे पाहिलं तर धुराची एक रेघ नाही.

"बघ!" थोरल्यानं धाकट्याच्या पाठीत थाप मारली. धाकट्यानं त्याच्या. पंक्चरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आणि मग दोघांचे हात हवेतच थांबले.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "आपण ही बंद ठेवणार होतो ना?"

थोरल्यानं कपाळाला हात लावला. मी गियर टाकला.

"थांब, आत्या!" दोघं एकदम. "नवीन बोअर आहे! सुरुवातीला हळू चालवायची! आजची रात्र गाडी इथंच ठेव, सकाळी एकदा तपासून देतो!"

मला वाटलं, खरंच काळजी इंजिनाची आहे. ठेवली.

सकाळी गाडी घेऊन निघाले. आवाज स्वच्छ, धूर नाही, चढ विनातक्रार चढली. पण वेग काही केल्या वाढेना. मूठ पूर्ण पिळली तरी सायकलवर दूध घेऊन चाललेला माणूस मला मागे टाकून गेला, आणि जाताना हात दाखवून गेला. मैत्रिणीच्या अंगणात गाडी लावली आणि कार्ब्युरेटरचं झाकण फिरवून उघडलं. त्याला पान्याचीसुद्धा गरज नसते. आत स्प्रिंगच्या पोटात एक छोटीशी पितळी नळी होती. मूठ अर्ध्यावर आली की ती आडवी येते, पुढे जाऊ देत नाही.

नळी तळहातावर घेऊन बघितली. लेथवर काढलेली, कडा बोटाला लागू नयेत म्हणून घासून मऊ केलेल्या. असं फक्त थोरला करतो. आणि खडखडू नये म्हणून तिला पिवळ्या ग्रीसचा बारीक हात दिलेला, जे ग्रीस फक्त धाकट्याच्या दुकानात असतं. रात्री दोघं एकत्र बसले होते. एकानं केली, दुसऱ्यानं बसवली.

"फेकून दे," मैत्रीण खिडकीतून म्हणाली. "त्यांना काय कळतंय?"

मी नळी पिशवीत टाकणारच होते. तेवढ्यात फोन आला. थोरला होता. म्हणाला, "आत्या, इंजिन नवीन आहे, तेव्हा दर सुट्टीला आम्ही दोघं तुझ्याकडे येत जाऊ तपासायला. एकट्यानं नाही व्हायचं, एकाला दिवा धरावा लागतो." मागून धाकटा ओरडत होता, "चहा ठेव म्हणावं! आणि सांग तिला, झाकणाला हात लावू नको!"

"नाही लावत," मी म्हणाले.

फोन ठेवला. ती नळी काढायला मला दोन बोटं पुरली होती. पण ती परत बसवली नाही, तर पुढच्या सुट्टीला त्यांना तपासायला काही उरणार नव्हतं.

"काय गं, रडतेस काय?" मैत्रीण म्हणाली. "पत्ते वाटून झाले केव्हाच."

"तूच वाटलेस ना? मग पुन्हा पिसून ठेव," मी म्हटलं. नळी रुमालानं पुसली, पुन्हा होती तशी आत बसवली, आणि झाकण घट्ट फिरवलं.